‘क्वीन मेरी टू’च्या पोटात

इंग्लंडमधल्या साउदम्प्टन बंदरात ‘क्वीन मेरी टू’ उभी असली, की तिच्याकडे बघताना मान अवघडते. लांबी ३४५ मीटर! क्रिकेटच्या सतरा खेळपट्ट्या एकापुढे एक मांडा, तेव्हा कुठे तिची बरोबरी होईल. फ्रान्समध्ये बांधलेली ही बोट २००४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीला निघाली. अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कला जायचं आणि परत यायचं, हे तिचं मुख्य काम. वर नाटकघर आहे, पोहण्याचे तलाव आहेत, तारांगणसुद्धा आहे. पण ते सगळं तिकीट काढणाऱ्याला दिसतंच. आपण मनानेच का होईना, ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ लिहिलेल्या दारातून आत शिरू या.

दार ढकललं की गालिचा संपतो! पायाखाली साधी फरशी, डोक्यावर उघडे पाइप. खालच्या मजल्यावर बोटीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा लांबलचक बोळ आहे. खलाशी त्याला ‘बर्मा रोड’ म्हणतात. भाजीच्या गाड्या, मळक्या चादरींचे गठ्ठे, ड्यूटीवर धावणारे वेटर, सगळी वर्दळ इथूनच. आपल्या दादर स्टेशनचा पूलच म्हणा ना!

स्वयंपाकघरात शिरलात तर एक गोष्ट लगेच जाणवेल. जाळ कुठेच नाही. शेगड्या सगळ्या विजेच्या. शेगडीच्या कडेला लोखंडी कठडे असतात, कारण समुद्र खवळला की पातेली घसरत सुटतात. आणि उरलंसुरलं अन्न? ते खिडकीतून भिरकावता येत नाही. बारीक दळून, तेही किनाऱ्यापासून निदान तीन सागरी मैल दूर गेल्यावरच समुद्रात सोडता येतं. प्लास्टिक मात्र कुठेच टाकायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय कायदाच आहे.

आता पाण्याचं बघा. प्रवासी सुमारे २६००, कर्मचारी साडेबाराशेच्या आसपास. एवढ्यांना पाणी रोज लागतं ११ लाख लिटर! दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर एकशे दहा टँकर झाले. टँकरची वाट बघणं काय असतं, ते आपल्याकडच्या अनेक गावांना वेगळं सांगायला नको. पण समुद्रात टँकर कोण आणणार? मग इंजिनांची वाया जाणारी उष्णता वापरून समुद्राचंच पाणी तापवतात, वाफ करतात, ती थंड करतात. मीठ मागे राहतं, गोडं पाणी हाती येतं. भूगोलाच्या पुस्तकातलं जलचक्रच हे, पण बोटीच्या पोटात बसवलेलं.

इंजिनंही गमतीची. चार मोठी डिझेल इंजिनं तळाशी, तर दोन गॅस टर्बाइन थेट धुराड्याखाली, उंचावर! टर्बाइनला भरपूर हवा लागते, ती तिथे सहज मिळते. ही सगळी मिळून बोट ढकलत नाहीत, तर वीज तयार करतात. त्या विजेवर बोटीखालच्या चार मोटरी पंखे फिरवतात. त्यांतल्या दोन मोटरी स्वतःभोवती पूर्ण गोल वळतात, म्हणून या बोटीला सुकाणूच नाही! पंख्यांची जादा पाती बोटीच्या नाकाशी डेकवर ठेवली आहेत. कितीतरी प्रवाशांना ते एखादं शिल्प वाटतं.

पण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. भर समुद्रात आग लागली, तर १०१ नंबर फिरवून बंब येणार नाही. म्हणून सकाळी तुमच्या पुढ्यात चहा ठेवणारा वेटर संकटाच्या वेळी तुम्हाला लाइफबोटीपर्यंत नेणारा माणूस असतो. त्याचं रीतसर प्रशिक्षण झालेलं असतं, कवायती सतत चालू असतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही बोट खडकाला घासून कलंडली आणि ३२ माणसं दगावली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती! आता नियम बदलला आहे. कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. तेव्हा कधी अशा बोटीवर गेलात, तर भोंगा वाजल्यावर कंटाळा करून खोलीत बसू नका हं.

आपल्या गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्याला ‘तारवटी’ म्हणतात. जगातल्या अनेक प्रवासी बोटींवर गोव्याची, कोकणची माणसं स्वयंपाकघरात, इंजिनरूममध्ये राबतात. महिनोन्‌महिने घर दिसत नाही. गणपती, नाताळ, मुलाचा वाढदिवस, सगळं फोनवर. खोली लहान, बहुधा खिडकी नसलेली. कामाच्या तासांवर मात्र कायद्याचं बंधन आहे, चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती द्यावीच लागते.

‘क्वीन मेरी टू’च्या माणसांना आणखी एक बक्षीस मिळतं. न्यूयॉर्कचं घड्याळ इंग्लंडच्या पाच तास मागे. त्यामुळे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे सारतात, आणि दिवस होतो पंचवीस तासांचा! दमलेल्या तारवट्याला एक तास जास्त झोप. पण परत येताना ते पाचही तास मुकाट्याने फेडावे लागतात.