चित्रफितीमागचे संगीत : रॉयल्टीमुक्त म्हणजे फुकट नव्हे

दिवाळीच्या खरेदीची जाहिरात असो, वर्षीतपाच्या पारण्याचे निमंत्रण असो की नव्या दालनाचे उद्घाटन, आता जवळजवळ प्रत्येक पेढीतून छोटी चित्रफीत निघते. चित्रे आपली, मजकूर आपला. मागचे संगीत मात्र बहुधा दुसऱ्याचे असते. कोणाचे, याची चौकशी क्वचितच होते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीत, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. चित्रपटगीताच्या चालीवर बसवलेले स्तवन शब्दांनी आपले झाले तरी चाल परकीच राहते. धार्मिक समारंभात किंवा लग्नाच्या वरातीत गाणे वाजवण्यास कलम ५२ मध्ये सूट आहे. ती समारंभापुरती आहे. तेच गाणे दुकानाच्या जाहिरातीत बसवले की सूट मागे राहते. ‘दहा-पंधरा सेकंद चालतात’ हा समज सर्वत्र ऐकू येतो, पण कायद्यात अशी सेकंदांची मोजणी कोठेही नाही.

यावर व्यवहार्य उपाय म्हणजे रॉयल्टीमुक्त इलेक्ट्रॉनिक संगीत. त्यात बहुधा शब्द नसतात, म्हणून निवेदन दबत नाही. ठेका एकसारखा असल्याने हवे तेथे कापून पुन्हा जोडता येते. शिवाय पुष्कळदा एकच कलावंत संगणकावर सारी रचना करतो, त्यामुळे परवानगी अनेकांकडे मागावी लागत नाही.

मात्र ‘रॉयल्टीमुक्त’ म्हणजे फुकट नव्हे. प्रत्येक वापरागणिक मानधन द्यावे लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मूळ शुल्क एकदा भरावे लागू शकते आणि अटी तर असतातच. कर्जाचा करारनामा न वाचता सही करणारे खातेदार मी नोकरीत पुष्कळ पाहिले. येथेही तीच घाई दिसते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत ‘बीवाय’ असल्यास रचनाकाराचे नाव देणे बंधनकारक आहे. केव्हिन मॅक्लाउड या अमेरिकी संगीतकाराच्या असंख्य रचना याच अटीवर विनामूल्य मिळतात. ‘एनसी’ असल्यास व्यापारी वापर वर्ज्य, म्हणजे आपल्या जाहिरातीला ती रचना निरुपयोगी. ‘एनडी’ची अट अनेकांना चकवते: संगीत चलच्चित्राशी जुळवणे हाच त्या परवान्याच्या दृष्टीने बदल ठरतो, म्हणून तसे संगीत चित्रफितीत वापरून ती प्रसारित करता येत नाही. यूट्यूबच्या ध्वनिसंग्रहातही काही रचनांना नामनिर्देश लागतो, काहींना लागत नाही. प्रत्येक रचनेपुढची खूण पाहावी.

तिसरे अणुव्रत अदत्तादानाच्या त्यागाचे आहे. त्याच्या अतिचारांत चोरून आणलेला माल स्वीकारणेही मोजले जाते. चित्रफीत बाहेरच्या छायाचित्रकाराकडून करून घेतली, तर ‘संगीत त्याने घातले’ हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही. देयकासोबत परवान्याची प्रत मागावी, तो कोणाच्या नावावर आहे हे पाहावे आणि व्यापारी वापराचा उल्लेख आहे की नाही ते तपासावे.

रीतसर घेतलेल्या संगीतावरही यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा कधी कधी दावा लावते. घाबरून चित्रफीत काढू नये. तेथेच हरकत नोंदवण्याची सोय आहे; रचनेचे नाव, घेतल्याची तारीख आणि परवान्याचा तपशील द्यावा. ही कागदपत्रे पावत्यांच्याच फाइलीत ठेवलेली बरी.