एका 'मा'चे सहा अर्थ

व्हिएतनामी भाषेत 'मा' हा एकच उच्चार सहा सुरांत करतात. सपाट म्हटला तर भूत, चढवला तर आई, उतरवला तर 'पण'. उरलेल्या तीन सुरांत थडगं, घोडा आणि भाताचं रोप! सूर चुकला की आईचं भूत झालंच म्हणून समजा.

हे रोमन अक्षरांत लिहायचं कसं? सतराव्या शतकात तिथं गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अक्षरांच्या वर-खाली पाच खुणा बसवल्या. सहावा सूर बिनखुणेचा. त्यांतल्या अलेक्झांडर द ऱ्होड्सचा कोश १६५१ साली रोममध्ये छापला गेला. हे गृहस्थ जाताना आपल्या गोव्यात राहिले होते. तिथं फादर स्टीफन्सचं मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीच रोमन लिपीत छापलं होतं. मराठीनं ती लिपी धरली नाही.

व्हिएतनाममध्येही ती दोन शतकं चर्चबाहेर फारशी पडली नाही. फ्रेंचांनी ती शाळा-कचेऱ्यांत आणली, आणि गंमत अशी, की फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्यांनीच पुढे ती आपली मानली. चिनी अक्षरं शिकण्यात वर्षं जात, ही काही महिन्यांत येई. १९४५ साली हो चि मिन्ह यांच्या सरकारनं साक्षरतेची मोहीम हिच्याच बळावर काढली.

मला मात्र दुसरी बाजूही खुपते. 'किएउची कथा' हे तिथलं लाडकं महाकाव्य चिनी वळणाच्या जुन्या 'नोम' लिपीत रचलेलं. ते आज घरोघरी माहीत आहे, पण मूळ लिपीत वाचू शकणारे थोडेच. देवळाच्या खांबांवरची जुनी अक्षरं बहुतेकांना नुसती नक्षी वाटतात.