गिअर म्हणजे फक्त दातेरी चाक?

शेजारच्या काकांनी परवा एका दुकानावर ‘रायडिंग गिअर मिळेल’ अशी पाटी वाचली आणि आत जाऊन चेतकच्या गिअरची चौकशी केली. दुकानदाराने त्यांच्यापुढे हेल्मेट, हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड मांडले. काका हात हलवत परत आले. “पाटीच चुकलीय,” म्हणाले.

पाटी बरोबर होती. गिअर हा शब्द मुळात यंत्राचा आणि सामानसुमानाला तो मागाहून चिकटला, अशी बहुतेकांची समजूत असते. घडलं आहे नेमकं उलट. इंग्रजीत हा शब्द आला तो जुन्या नॉर्स भाषेतून, म्हणजे व्हायकिंगांच्या बोलीतून. तेव्हा त्याचा अर्थ होता पोशाख, चिलखत, लढाईची सामग्री. पुढे घोड्याचा साजही त्यात आला. आपण ज्याला जामानिमा म्हणतो, तोच हा प्रकार. जामा आणि निमा हीसुद्धा मूळची कपड्यांचीच नावं. दातेरी चाकांना गिअर म्हणणं सुरू झालं ते सोळाव्या शतकाच्या सुमारास. मोटारीचा गिअर तर अगदी कालपरवाचा.

त्यामुळे विमानाच्या ‘लँडिंग गिअर’मध्ये दाते शोधू नयेत. उतरायला लागणारा सरंजाम, एवढाच त्याचा अर्थ: चाकं, त्यांचे दांडे, धक्का झेलणारी यंत्रणा. कोळ्याचं ‘फिशिंग गिअर’ म्हणजे जाळी, गळ, दोर.

दात्यांच्या गिअरबद्दलही गैरसमज आहेतच. 21 गिअरच्या सायकलला 21 चक्रं नसतात. पुढे 3, मागे 7, एकूण दहाच. 21 या त्यांच्या जोड्या. आणि ‘कामाने टॉप गिअर टाकला’ असं आपण म्हणतो खरं, पण टॉप गिअर जोराचा नव्हे, वेगाचा. 12 दात्यांचं चाक 36 दात्यांचं चाक फिरवतं तेव्हा फेरे एक तृतीयांश होतात आणि घर्षणात जाईल तेवढा सोडला तर पीळ तिप्पट होतो. घाट चढताना खालचा गिअर लागतो तो याचसाठी.

सगळ्यात घट्ट बसलेला समज मात्र बिनगिअरच्या स्कूटरचा. 1984 च्या कायनेटिक होंडाने हा शब्द घरोघरी नेला, आणि आरटीओच्या लायसन्सवरही ‘विदाऊट गिअर’ असा वेगळा वर्ग आहे. पण त्यात नसतो तो हाताने किंवा पायाने बदलायचा गिअर. आत दोन पुली आणि एक पट्टा असतो; इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर सरकतात, तिच्या दोन चकत्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. तिथून पुढे मागच्या चाकापाशी वेग उतरवायला दातेरी चाकांचा संच असतोच, चांगला तेलात बुडालेला.

काकांना हे पटेना. शेवटी सुनेच्या स्कूटरचं सर्व्हिसिंगचं बिल त्यांच्यापुढे धरलं. तिसऱ्याच ओळीत मिस्त्रीने लिहिलं होतं: गेर ऑईल.