मोगलीचा पट : आवडत्या चित्रमालिकेचा खेळ कसा होतो?

प्रत्येक पिढीच्या मनात एखादी गोष्ट घर करून राहिलेली असते. आमच्या आजोबांना 'चांदोबा' मासिकातला वेताळ विसरता येत नाही, आणि आमच्या आईवडिलांना मोगली विसरता येत नाही. आम्ही हजीऱ्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत राहतो. आमच्यापैकी बहुतेकांचे वडील खानदेशातून, तापीच्या प्रवाहाबरोबरच म्हणा ना, पोटापाण्यासाठी इकडे आले. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' ही चित्रमालिका लागे, तेव्हा ते आमच्याहून लहान होते. आजही तिच्या शीर्षकगीताचे सूर कानी पडले की रात्रपाळी करून थकलेला माणूससुद्धा क्षणभर ताजा होतो. ते गीत गुलजार यांचे आणि संगीत विशाल भारद्वाज यांचे. शेरखानाला आवाज होता आपल्या नाना पाटेकरांचा. मूळ मालिका मात्र जपानी. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ साली ती बावन्न भागांत तयार केली, आणि तिची कथा घेतली रुडयार्ड किपलिंग यांच्या १८९४ सालच्या पुस्तकातून. हे किपलिंग जन्मले १८६५ साली, मुंबईत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जणांनी ठरवले की, ही मालिका नुसती पाहायची नाही, तर तिच्यात शिरायचे. म्हणजे तिचा भूमिका-खेळ करायचा. तो करताना जे चुकले आणि जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

प्रथम, भूमिका-खेळ म्हणजे काय? चार-सहा जण एका मेजाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. प्रत्येकजण गोष्टीतील एक पात्र होतो आणि एकजण सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंग सांगतो : रात्र आहे, नदी दुथडी भरून वाहते आहे, पैलतीरावरून वाघाची डरकाळी येते आहे, आता तुम्ही काय करता? खेळाडू आपापल्या पात्राची कृती सांगतात. ती साधेल की नाही याविषयी शंका असेल, तेथे फासे टाकायचे. नाटकातले संवाद आधी लिहिलेले असतात, येथे ते नसतात. बुद्धिबळात एकजण जिंकतो आणि दुसरा हरतो. येथे सर्वांनी मिळून एक गोष्ट घडवायची असते, आणि तिचा शेवट सूत्रधारालाही ठाऊक नसतो.

फाशांचे गणित मोठे मनोरंजक आहे. दोन फासे छत्तीस प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी दहा किंवा अधिक बेरीज केवळ ६ प्रकारे येते, सात ते नऊ १५ प्रकारे येते, आणि सहा किंवा कमी हीदेखील १५ प्रकारेच येते. अशा खेळांत पुष्कळदा नियम असा असतो की, दहाच्या पुढे पूर्ण यश. सात ते नऊ असल्यास यश मिळते, पण काही किंमत मोजून. आणि सहाच्या आत आले तर संकट. बगीरा चपळ आहे म्हणून उडी मारताना त्याच्या बेरजेत एक मिळवा, की अपयशाचे प्रकार १५ वरून १० वर येतात. एवढ्याशा एका अंकात पात्राचा स्वभाव मावतो.

या खेळाचा आरंभ अमेरिकेत झाला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. १९८३ साली त्या खेळावरून चित्रमालिका निघाली, आणि १९८५ साली उलट 'ही-मॅन'च्या चित्रमालिकेवरून खेळ निघाला. पुढे 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही २००५ ते २००८ या काळातील मालिका पाहून वाढलेली मुले मोठी झाली. २०२१ साली तिच्यावरील खेळासाठी लोकवर्गणी मागितली गेली, तेव्हा पंचाण्णव लाख डॉलरांच्या आसपास रक्कम जमली! बालपणीच्या गोष्टीत पुन्हा पाऊल टाकण्याची ओढ किती बलवत्तर असते, हे यावरून दिसते.

परंतु गोष्ट खेळात उतरवायची म्हणजे नेमके काय उतरवायचे? येथेच आमची पहिली चूक झाली. आम्ही मालिकेतील प्रसंग ओळीने लिहून काढले आणि त्याच क्रमाने खेळू लागलो. वडीलमंडळी कौतुकाने खेळायला बसली होती. त्यांना प्रत्येक प्रसंगाचा शेवट पाठ होता. त्यामुळे कोणी फासा टाकण्याआधीच उत्तर येई, आणि अर्ध्या तासात खेळ संपला. तो खेळ नव्हताच, ती उजळणी होती.

मग आजोबांनी वेताळाची आठवण दिली. विक्रम राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतो. वेताळ गोष्ट सांगून प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शकले होतील. बोलला, तर मौन मोडेल आणि वेताळ पुन्हा झाडाला लोंबकळेल. आजोबा म्हणाले, "त्यातल्या गोष्टी मी विसरलो रे, पण हा पेच विसरलो नाही." आम्हांला वाट सापडली. खेळात घटना उतरवायच्या नसतात. त्या जगाचा कायदा उतरवायचा असतो. तेथे काय हवेसे वाटते, काय निषिद्ध आहे आणि कशाची किंमत मोजावी लागते, या तीन प्रश्नांची उत्तरे नियमांत आली की घटना आपोआप घडू लागतात. आपल्याकडे ही दृष्टी नवी नाही. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेल्या मोक्षपटात सद्गुणाच्या घरी शिडी असते आणि दुर्गुणाच्या घरी साप. तेथे उपदेश वेगळा करावा लागत नाही, तो पटातच असतो.

यानंतर आम्ही किपलिंगांचे पुस्तक उघडले. त्यात लांडग्यांच्या सभेचा एक कायदा आहे. एखाद्या पिलाला कळपात घेण्याविषयी वाद निघाला, तर त्याच्या आईबापांखेरीज दोघांनी त्याच्या बाजूने बोलले पाहिजे. मोगलीसाठी बल्लू आणि बगीरा बोलले. हा कायदा आम्ही जसाच्या तसा नियम म्हणून घेतला : नव्या खेळाडूचे पात्र पटावर यायचे असेल, तर दोन खेळाडूंनी त्याच्यासाठी बोलायचे आणि आपल्याकडचे काहीतरी द्यायचे. या एका नियमाने खेळाचा रंगच पालटला. शेजारच्या घरातील लाजरा मुलगा प्रथमच खेळायला आला, तेव्हा त्याच्यासाठी दोघांना उभे राहावे लागले. त्यानंतर तो लाजरा उरला नाही.

आमची दुसरी चूक याहून मोठी होती. मोगली रानाचा की गावाचा, हा कथेचा गाभा. 'अवतार'च्या खेळात पात्राच्या मनातील दोन तत्त्वे एका पट्टीच्या दोन टोकांना असतात; एकीकडे सरकावे तितके दुसरे दूर जाते. मनाचा तोल हाच त्या मालिकेचा विषय असल्यामुळे ती पट्टी तेथे शोभते. आम्ही तीच उसनी घेतली. एका टोकाला रान लिहिले, दुसऱ्या टोकाला गाव, आणि गुण मिळून दहा. गावाचा एक गुण वाढला की रानाचा एक घटायचा.

आमच्यातील एका मुलीचे पात्र गावात जाऊन माणसांची बोली शिकले. चार वेळा तिचे फासे उत्तम पडले. गावाचे गुण नऊ झाले आणि रानाचा एकच उरला. नियमाप्रमाणे सूत्रधाराने सांगितले की, ती परत आली तेव्हा लांडग्यांनी तिला ओळखले नाही. तिने फासे खाली ठेवले. ती म्हणाली, "मी दुकानात गुजराती बोलते, मैत्रिणींशी गुजराती बोलते. म्हणून घरी माझी मराठी कमी होते का? हा नियम खोटा आहे."

कोणीच काही बोलले नाही. हा प्रश्न आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी निघालेला आहे. सुट्टीत गावी गेलो की तिकडची भावंडे आम्हांला 'सुरतवाले' म्हणतात. येथे आम्ही 'मराठी'. दोन्हीकडे आमचा एकेक गुण कापणारी ती पट्टी आम्ही स्वतःच्या हाताने आखली होती.

उत्तर पुस्तकातच निघाले. बल्लू मोगलीला रानातील निरनिराळ्या जमातींचे परवलीचे शब्द शिकवतो : शिकारी प्राण्यांचे, पक्ष्यांचे, सापांचे. माकडे मोगलीला पळवून नेतात, तेव्हा पक्ष्यांच्या शब्दामुळे घार त्याचा माग ठेवते, आणि पडक्या नगरीत सापांचा शब्द त्याला वाचवतो. सापांचा शब्द आला म्हणून तो पक्ष्यांचा विसरत नाही. आम्ही पट्टी खोडली आणि नवा नियम केला : ज्या जमातीचा शब्द शिकाल, तो कायमचा तुमचा.

मात्र ज्यात किंमत मोजावी लागत नाही, तो खेळ अळणी होतो. म्हणून पुरवणी जोडली : ज्यांचा शब्द तुम्ही शिकलात, त्यांची हाक आली की तुम्ही गेले पाहिजे. शिकल्याने काही वजा होत नाही, जबाबदारी मात्र वाढते; आणि कधी एकाच रात्री दोन हाका येतात.

तशी रात्र आमच्या खेळात आली. गावाला आग लागली होती आणि त्याच वेळी शेरखान लांडग्यांच्या गुहेशी आला होता. मोगली झालेल्या मुलाचे वडील शेजारी बसले होते. मालिकेतील शेरखानाचा अंत त्यांच्या मनात ठसलेला, ते हळूच म्हणाले, "आधी वाघाला मार." मुलाने बराच वेळ विचार केला. मग तो गावाकडे निघाला, आणि गुहा राखण्यासाठी त्याने त्या लाजऱ्या मुलाला हाक मारली. त्याचे फासे नऊवर थांबले. गुहा वाचली, पण शेरखान जिवंत निसटला. वडील थोडे हिरमुसले, आणि मग त्यांनीच विचारले, "उद्या पुढचे खेळणार ना?"

आमच्या तापीचा उगम सातपुड्यात मुलताईला होतो. मोगलीचे शिवनीचे रान आणि त्याची वैनगंगाही त्याच डोंगररांगांच्या पूर्वेकडची. एक नदी पश्चिम सागराला मिळते, तर दुसरीचे पाणी प्राणहिता व गोदावरीतून पूर्व सागराला जाते. ज्यांना असा खेळ रचावयाचा असेल, त्यांनी एवढेच ध्यानी धरावे की, वडिलांची गोष्ट घ्यावी, तिचा कायदा नीट शोधावा, तो आपल्या जगण्यावर घासून पाहावा आणि शेवट मोकळा ठेवावा. आमची वही, दोन फासे आणि सतरंजी तयार आहे. नव्या खेळाडूसाठी बोलायला दोघेजण नेहमीच सापडतील.