कोल्हापूरच्या चवीचं मूळ : घरची चटणी

मार्च उजाडला की कोल्हापुरातल्या घरांच्या गच्च्या लाल होतात. जुन्या साड्या आणि चादरी अंथरून त्यावर मिरच्या वाळत घातलेल्या असतात. बाजूच्या सुपात पातळ चिरलेला कांदा कडकडीत होत असतो आणि सावलीत बसून घरातली माणसं देठ मोडत असतात. वर्षाची चटणी करायचे हे दिवस. बाहेरचे लोक ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात, तो कोल्हापुरात नुसती ‘चटणी’. या शहरातली खानावळ, मिसळीचं दुकान आणि घरचं स्वयंपाकघर या तिन्ही ठिकाणची चव या एका बरणीतून निघते. कोल्हापूरचं जेवण समजून घ्यायचं तर सुरुवात हिच्यापासूनच करायला हवी.

चटणीची पहिली परीक्षा बाजारात होते. नुसती तिखट मिरची घेऊन भागत नाही. रंगासाठी ब्याडगी लागते. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाचं नाव मिळालेली ही सुरकुतलेली, गडद लाल मिरची रंग भरपूर देते, पण तिखटाला बेताची असते. तिला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिखटासाठी संकेश्वरी किंवा लवंगी. या दोन जातींचं प्रमाण हा प्रत्येक घराचा स्वतःचा हिशेब असतो. लहान मुलं असली की ब्याडगी वाढते, शेतात राबणारी माणसं असली की संकेश्वरी. मग कांदा, लसूण, सुकं खोबरं, धणे, तीळ, खसखस, आलं, कोथिंबीर आणि लवंग-दालचिनीपासून दगडफुलापर्यंतचा खडा मसाला. साधारण एक किलो मिरचीला अर्धा किलो कांदा आणि लसूण-खोबरं पाव-पाव किलो, असं माप अनेक घरांत चालतं.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाचं भाजणं वेगळं. तीळ आणि खसखस कोरडीच, मंद आचेवर. खोबरं तांबूस होईतो. कांदा तेलात खरपूस. लवंग-मिरी किंचित तेलावर फुलेपर्यंत. एक जिन्नस करपला तरी सगळ्या चटणीला कडवट वास लागतो आणि तो वर्षभर ताटात येतो. म्हणून भाजायला घरातलं सर्वांत जाणतं माणूस बसतं.

भाजलेले डबे घेऊन मग डंकावर जायचं. डंक म्हणजे मिरची-मसाला कांडण्याचं यंत्र. खाली लोखंडी उखळी, वर मोटरच्या दांड्यावर चालणारी जड मुसळं. दांडा फिरला की मुसळ वर उचललं जातं आणि स्वतःच्या वजनानं खाली आदळतं. शेजारचं मुसळ त्याच वेळी वर जात असतं. आधी मिरची आणि खडा मसाला कांडून चाळून घेतात, चाळणीवर राहिलेला जाडा भाग पुन्हा उखळीत जातो. शेवटी तीळ-खोबरं आणि कांदा-लसूण. आतापर्यंत कोरडी उडणारी पूड त्यांच्या तेलानं ओलसर होते, रंग गडद होतो आणि तिचा गोळा वळता येतो. मिक्सरच्या पात्यानं जिन्नस कापला जातो आणि तापतो. मुसळाखाली तो चेचला जातो, त्यामुळे खोबऱ्या-तिळाचं तेल मिरचीत सारखं मुरतं. डंकासमोर रांगेत उभं राहून शिंकत, डोळे पुसत माणसं थांबतात ती यासाठी. घरी आल्यावर चटणी चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायची आणि वर हिंगाचे खडे ठेवायचे.

आता खानावळीत चला. मटणाचं ताट समोर येतं : सुकं मटण, ज्वारीची भाकरी, दहीकांदा, भात आणि दोन वाट्या, एक तांबडा, एक पांढरा. दोन्ही रश्श्यांचं मूळ एकच. मटण हळद, मीठ आणि आलं-लसूण लावून शिजवलं की जे पाणी सुटतं ते अळणी. त्यात खसखस, तीळ, काजूचं वाटण आणि नारळाचं दूध घालून, तुपात लवंग-दालचिनीची फोडणी दिली की पांढरा रस्सा. नारळाचं दूध घातल्यावर तो फार उकळू द्यायचा नाही, नाहीतर फुटतो. त्याच अळणीत तेलावर परतलेलं वाटण आणि चटणी पडली की तांबडा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, म्हणून तांबड्यावर आणि मिसळीच्या कटावर तो लाल तवंग तरंगतो. “रस्सा वाढू काय?” असं विचारत वाढपी फिरत असतो आणि वाट्या पुन्हा पुन्हा भरत राहतो.

‘कोल्हापुरी’ म्हणजे जाळ, ही समजूत परगावच्या हॉटेलांनी पसरवली. भाजीत सुक्या लाल मिरच्या तरंगत ठेवल्या की तिला व्हेज कोल्हापुरी म्हणायचं, अशी तिथली रीत. कोल्हापुरात तिखटाशेजारी पांढरा रस्सा असतो, दही असतं, भाकरीचा गोडवा असतो. फडतरे, खासबाग, बावडा अशा नावाजलेल्या मिसळींतही कटाचा तिखटपणा मटकी, शेव आणि सोबतचा स्लाइस ब्रेड तोलून धरतात. चांगल्या चटणीचं तिखट घशाला ओरखडत नाही. आधी कांद्या-खोबऱ्याचा गोडसर खमंगपणा लागतो, मागून मिरची येते.

घरात तर ही चटणी रोजची अन्नदाती आहे. वांग्याच्या भाजीला, आमटीला, झुणक्याला वेगळा मसाला लागत नाही. भाजलेला कांदा, लसूण, खोबरं सगळं आधीच तिच्यात असतं. चमचाभर चटणीत कालवण उभं राहतं. काहीच नसेल त्या दिवशी भाकरीवर चटणी आणि वरून कच्चं तेल पुरतं. सुट्टीच्या दिवशी मित्र मिळून रस्सा मंडळ भरवतात. चूल मांडायची, पातेलं चढवायचं आणि रस्सा ओरपायचा. तिथंही कुणाच्या तरी घरची चटणी बरोबर असते. पुण्या-मुंबईला शिकायला निघालेल्या पोराच्या पिशवीत आई आधी तिचीच बरणी ठेवते.

म्हणून वाचकांना एक मनापासून सांगणं. कोल्हापूरला गेलात तर पांढऱ्या रश्श्यानं सुरुवात करा, मग तांबड्याकडे वळा. परतताना बाजारातून अर्धा-अर्धा किलो ब्याडगी आणि संकेश्वरी घ्या. तयार पाकिटावर थांबू नका. एकदा घरी जिन्नस भाजा आणि तुमच्या गावात कांडप असेल तर तिथून कुटून आणा. एका आठवड्याचे कष्ट वर्षभराचा स्वयंपाक सोपा करतात आणि खानावळीतली जी चव तुम्ही वाखाणली, ती तुमच्या घरात रोज शिजू लागते.