अॅड्रेनॅलिन नेमकं कुणाला हलवतं?

अॅड्रेनॅलिन वाढलं की हृदयपेशींत जास्त कॅल्शियम शिरतं आणि ठोका जोरकस होतो. पीकेए हे एन्झाइम त्यासाठी कॅल्शियम चॅनेललाच फॉस्फेट जोडतं, असं अनेक दशकं मानलं गेलं. पण उंदरांमध्ये चॅनेलवरच्या त्या जागा बदलल्या, तरी प्रतिसाद टिकला! 2020 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने खरा दुवा दाखवला: चॅनेलला रोखून धरणारं ‘रॅड’ प्रथिन. फॉस्फेट त्याला लागतं आणि त्याची पकड सुटते. चॅनेलवरची एखादी जागा नजरेतून सुटली असेल, ही शंका रास्तच. मात्र हृदयाबाहेरच्या पेशींत चॅनेलसोबत रॅड घातल्यावर हाच प्रतिसाद उभा राहिला, म्हणून मला हा पुरावा भक्कम वाटतो.

चेतापेशींत उलटं घडतं. तिथे नॉरअॅड्रेनॅलिन अल्फा-2 रिसेप्टरमार्फत एन-टाइप चॅनेल मंदावतं आणि स्वतःचंच स्रवण आवरतं.