मॉड्यूल गेलं, असं कधी म्हणावं?

पावसाळ्यातल्या रविवारी माळशेजच्या वाटेवर किंवा कसारा घाटाच्या चढावर एखादी ऑटोमॅटिक गाडी अचानक एकाच गिअरला धरून बसते. इंजिन ओरडतं, वेग काही वाढत नाही, डॅशबोर्डवर गिअरचं चिन्ह लुकलुकतं. चालक ती कशीबशी मुरबाडच्या नाहीतर शहापूरच्या नाक्यावर आणतो. तिथे स्कॅनर लागतो आणि दोन मिनिटांत निकाल येतो, ‘‘दादा, गिअरचं मॉड्यूल गेलंय. शोरूमलाच न्यावी लागेल.’’ पुढे सांगितला जाणारा खर्च कित्येक हजारांत असतो, मोठ्या गाड्यांत तो लाखाच्याही घरात जातो. इतका पैसा ओतण्याआधी मॉड्यूलवरचा दोष सिद्ध व्हायला हवा, आणि तो सिद्ध करायला लागणारी बहुतेक साधनं नाक्यावरच्या गॅरेजात पडलेली असतात.

ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गॅरेजच्या बोलीतलं टीसीएम किंवा टीसीयू, ही एक सीलबंद पेटी. गिअरबॉक्समधल्या शाफ्टचा वेग, तेलाचं तापमान, लिव्हर कुठे आहे, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय, ब्रेकवर पाय आहे का, हे सगळं तिला सेन्सर कळवतात. त्यावरून ती सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडते-मिटते आणि तेलाच्या दाबाने गिअर पडतो. एखादी माहिती चुकीची वाटली की ती गिअर बदलणं थांबवते आणि गाडी घरापर्यंत पोचेल इतपत चालू ठेवते. यालाच लिंप मोड म्हणतात. म्हणजे घाटात गाडी एका गिअरला अडकली, तेव्हा बिघाड भलतीकडे असून मॉड्यूल आपलं काम चोख बजावत असण्याची शक्यता मोठी असते.

आपल्याकडे ऑटोमॅटिक सामान्य घरात पोचली ती २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमधून. तिच्यात आलेलं एएमटी तंत्र साधं आहे: गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लचप्लेटही तीच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं ही कामं पंप, व्हॉल्व्ह आणि टीसीयू करतात. अशा अनेक गाड्यांत चालकाच्या बाजूचं दार उघडलं की बॉनेटखालून क्षणभर गुर्र असा आवाज येतो. पंप तेलाचा दाब भरत असतो. हा आवाज बंद झाला, किंवा गाडी उभी असताना थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा यायला लागला, तर आधी पंप, त्याचा रिले आणि हायड्रॉलिक तेलाची पातळी बघायची. गिअर पार्किंगमधून किंवा न्यूट्रलमधून हलतच नसेल तर ब्रेक पेडलवरचा स्विच तपासायचा. मागचा लाल दिवा लागत नसेल तर चोर तिथेच सापडला. त्या स्विचची किंमत मॉड्यूलपुढे काहीच नाही.

स्कॅनरबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पी ०७०० हा कोड दिसला की टीसीएम बदला, असं सर्रास सांगितलं जातं. त्या कोडचा अर्थ इतकाच की गिअरच्या मॉड्यूलने स्वतःकडे काहीतरी नोंदवलंय. खरी नोंद वाचायला त्या मॉड्यूलमध्ये शिरावं लागतं, आणि स्वस्तातले बरेच स्कॅनर इंजिनाच्या कॉम्प्युटरपाशीच थांबतात. शिवाय हाती आलेले कोड लिहून न घेता डिलीट मारायची सवय वाईट. त्यातच पुरावा असतो.

कोड लिहून झाले की बॅटरी. गाडी रात्रभर उभी असताना साधारण १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. स्टार्टर मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर आधी बॅटरीचा बंदोबस्त करावा, कारण कमी व्होल्टेजवर मॉड्यूल वेडेवाकडे कोड टाकतं. मग टीसीएमचा कपलर काढायचा आणि वायरिंगकडच्या पुरवठ्याच्या व अर्थच्या पिना तपासायच्या. इथे मीटर फसवतो. दहा तारांपैकी नऊ कुजून एकच शिल्लक असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला स्वतःला करंट जवळजवळ लागतच नाही. त्याच दोन पिनांवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. लख्ख पेटला तर पुरवठा आणि अर्थ दोन्ही खरे. मिणमिणला तर मॉड्यूलला हात न लावता वायर शोधत जायचं.

मॉड्यूल स्कॅनरशी बोलतच नसेल, म्हणजे यू ०१०१ सारखा कोड येत असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह काढून स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ या पिनांमधला रोध मोजायचा. बहुतेक गाड्यांत तो ६० ओहमच्या आसपास यावा. १२० आला तर लाइन कुठेतरी तुटली, शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या. सेन्सरचे चार-पाच कोड एकदम आले तर सेन्सरांचा पाच व्होल्टचा पुरवठा बघायचा. एक सेन्सर शॉर्ट झाला की त्या लाइनवरचे बाकीचेही गुन्हेगार दिसू लागतात.

तानसा खोऱ्यात, किन्हवली, टोकावड्याकडे वायरिंगचे शत्रू ओळखीचे आहेत. भात कापणीनंतर उंदीर उबेला बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. चिखल काढायला प्रेशर पंपाने इंजिन धुतलं जातं, पाणी कपलरमध्ये मुरतं आणि महिन्याभराने पिनांवर हिरवट थर चढतो. बंपर वेल्डिंग करताना बॅटरी सोडवत नाहीत. नाशिक हायवेवर बॅटरी बसली की ट्रकवरून जम्प घेतात. ट्रक २४ व्होल्टचा, गाडी १२ व्होल्टची. या शेवटच्या दोन प्रकारांत मात्र मॉड्यूल खरोखर जळू शकतं.

मॉड्यूल मुळातच कमजोर निघाल्याचीही उदाहरणं आहेत. फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्समधल्या टीसीएमबद्दल अमेरिकेत इतक्या तक्रारी झाल्या की २०१४ मध्ये कंपनीने काही फिएस्टा आणि फोकस गाड्यांसाठी त्याची हमी १० वर्षं किंवा दीड लाख मैलांपर्यंत वाढवली. या गिअरबॉक्सच्या तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. म्हणून पुरवठा, अर्थ, लाइन आणि सेन्सर चोख निघाले आणि तरीही मॉड्यूल गप्प असेल, किंवा पी ०६१३ सारखा अंतर्गत बिघाडाचा कोड पुसल्यावर लगेच परत येत असेल, तर ते बदलायला हरकत नाही.

बदलणं म्हणजे चार बोल्ट काढून चार लावणं, इतकं सोपं ते राहिलेलं नाही. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळावा लागतो. जुनं मॉड्यूल बोलत असेल तर त्यातला डेटा आधी वाचून ठेवायचा. नव्यात गाडीचा चेसिस नंबर लिहावा लागतो, सॉफ्टवेअर भरावं लागतं, मग क्लच कुठे पकडतो आणि गिअरच्या जागा कुठे आहेत हे त्याला शिकवावं लागतं. हे लर्निंग टाळलं तर नवं मॉड्यूल घालूनही गाडी हिसके देते. सॉफ्टवेअर भरताना बॅटरीचं व्होल्टेज स्थिर हवं. चार्जर महावितरणच्या भरवशावर लावला आणि वीज मध्येच गेली तर हातातलं नवंकोरं मॉड्यूल निकामी होऊ शकतं. आपल्याकडे पावसात हे काम इन्व्हर्टरवरच करावं. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून मॉड्यूल आणायचं तर आधी विचारून घ्यावं: ते या गाडीला पुन्हा कोड होतं का? काही मॉडेलांत ते पहिल्या गाडीशी कायमचं बांधलेलं असतं.

खरी अडचण इथे सुरू होते. इंजिन आख्खं उघडून बसवणारा शहापूरचा मेस्त्री कोडिंगपाशी अडतो, कारण ते सॉफ्टवेअर आणि मॅन्युअल त्याला मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने नेमक्या याच मुद्द्यावर २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग, तांत्रिक मॅन्युअल आणि तपासणीची साधनं खुल्या बाजाराला न देणं ही स्पर्धेची गळचेपी आहे, असं आयोगाने म्हटलं. पुढे अपिलं झाली. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. इतकं होऊनही तालुक्याच्या गॅरेजला शोरूमच्या तोडीचं साधन मिळालेलं नाही, आणि हा मेस्त्रीवर आणि गाडीमालकावर उघड अन्याय आहे. शहापूर आणि मुरबाडच्या गॅरेजवाल्यांनी मिळून एक चांगला प्रोग्रामर घेतला आणि आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या मुलांना त्यावर हात बसवू दिला, तर निम्मी कामं इथेच होतील.

तोवर गाडी अडकलीच तर तिला दोरी बांधून ओढू नका. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, आणि चाकं फिरली की आतले भाग कोरडे घासतात. फ्लॅटबेड मागवा. गॅरेजात मॉड्यूल बदलायचं ठरलं तर आधी कोडची यादी आणि व्होल्टेजचे आकडे कागदावर लिहून मागा, आणि बिलासोबत जुनं मॉड्यूल परत घ्या.